तात्पुरत्या साठ्याची मुदतवाढ

मुदतवाढीची फाइल शेवटच्या दिवशी, दुपारच्या चहानंतर माझ्या टेबलावर आली. ती आधी कधीच येत नाही. आधी आली तर नाही म्हणायला वेळ मिळेल ना. शेवटच्या दुपारी नकार दिला की मानेसरचे कारखाने बंद पाडल्याचं पाप आपल्या माथी. आमच्या ऑफिसात एवढी एकच रीत काटेकोर पाळली जाते.

मी गॅस पुरवणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. माहेर नागपूरचं, राहते दिल्लीत, द्वारकेला. पाइपलाइनमधला गॅस कधीकधी कमी पडतो. प्रेशर उतरलं की कारखान्यांच्या भट्ट्या थंड होतात. म्हणून कॅस्केड, म्हणजे लोखंडी चौकटीत एकमेकांना जोडलेले भरलेले सिलिंडर, भाड्याच्या यार्डात उभे ठेवायचे. असा साठा आणि लोकवस्ती यांच्यात मोकळी जागा हवी, हा मूळ नियम. टंचाईत ती अट तात्पुरती सैल केली. टंचाई सरली, सवलत राहिली. दर तिमाहीला मुदतवाढ.

यार्डच्या भिंतीला लागून सरोजची मेस होती. पत्र्याच्या दोन खोल्या. एकीत स्वयंपाक, दुसरीत ती, तिची सासू आणि दोन मुली. शिफ्ट सुटलेल्या कामगारांना ती गरम पोळी-भाजी वाढायची. भिंतीच्या अलीकडे आमचे सिलिंडर, पलीकडे तिची पेटती शेगडी. मी इन्स्पेक्शनला गेले की ती विचारायची, "मॅडमजी, ये फटेगा तो नहीं?" मी वहीत आकडे टिपत पुढे सरकायचे.

त्या दुपारी फाइल घेऊन मी सरळ माझ्या बॉसच्या, भाटिया सरांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, इस बार मैं साइन नहीं करूँगी."

"अरे मॅडम, तीन महीने की तो बात है. सप्लाय रिलायबिलिटी का सवाल है."

"पिछली बार भी तीन ही थे."

"कल प्रेशर गिरा तो जवाब आप दोगी?"

"और सरोज का घर उड़ गया तो?"

"कौन सरोज?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला. "अच्छा. आपको चाहिए क्या?"

"डिस्टन्स. जितना नियम में है."

"बस? चलो, लिख दो. महीने भर में हो जाएगा."

मी लिहिलं: साठा आणि वस्ती यांच्यात महिन्याभरात नियमाप्रमाणे पूर्ण अंतर राखावं, या अटीवर मुदतवाढ. सही केली. जेवताना नवऱ्याला कौतुकाने सांगितलं. तो केंद्र सरकारात नोकरीला, अशा फायली त्याने ढिगाने पाहिलेल्या.

"भाटिया इतक्या सहज मानला? अजीब आहे यार."

"तुला कुणाचं चांगलं बघवतच नाही," मी म्हटलं.

महिन्याने यार्डात गेले. कॅस्केड जिथल्या तिथे. भिंतीपलीकडे मात्र सपाट मैदान. मातीत जेसीबीच्या दातांचे ओरखडे, एका कोपऱ्यात मोडके पत्रे. ती जागाही यार्डच्याच मालकाची होती. आमच्या ऑफिसातून त्याला फक्त एक फोन गेला होता.

यार्ड मॅनेजर टेप घेऊन तयारच होता. "मॅडम, आपका डिस्टन्स. नाप लो बिल्कुल."

मी मोजलं. बरोबर भरलं. त्याच्या तोंडावर टेप फेकून मारावी इतका संताप आला, आणि टेप गुंडाळून परत दिली.

सरोज हायवेजवळच्या शेअर ऑटोच्या स्टँडवर भेटली. हातगाडीवर तिची शेगडी, शेजारून ट्रक चाललेले. आगीतून निघून फुफाट्यात. मुली सासूबरोबर गावी पाठवल्या होत्या, शाळा सुटली होती. मालकाने तिला माझी नोट वाचून दाखवली होती.

"सरोज, मैंने सिलिंडर दूर करने को लिखा था."

"लिखा होगा, मॅडमजी. हटे तो हम."

तिने गिऱ्हाइकाकडे तोंड वळवलं. मला थांबायची लाज वाटली.

पुढच्या तिमाहीत मी मुदतवाढीवर सही केली. अडवायला कारणच उरलं नव्हतं, सगळं नियमात बसलं होतं. आता नव्याने आलेल्या सेफ्टी ऑफिसरांना मी एवढंच शिकवते. नियमात अंतर किती हवं ते असतं, जागचं कुणी हलायचं ते नसतं. ते आपण नाव घेऊन लिहायचं. नाहीतर ज्याला उठवणं सोपं, तोच उठवला जातो.