चौथी खेळी

आमच्या शहरातल्या कतारगाम भागात एका हॉलमध्ये खुली बुद्धिबळ स्पर्धा होती. बँकेतून निवृत्त झाल्यापासून मी अशा स्पर्धा सहसा सोडत नाही. समोर माझ्याच वयाचे एक गुजराती गृहस्थ होते, कापडाचे व्यापारी. पांढरी मोहरी माझ्याकडे होती. मी इटालियन ओपनिंग लावलं. कॉलेजपासून तेच खेळत आलेय. राजापुढचं प्यादं, घोडा, मग उंट. त्यांनीही आपला उंट बाहेर काढला. आता माझी चौथी खेळी.

हात उचलला आणि तसाच राहिला. इथे काय खेळायचं असतं तेच आठवेना.

सगळ्या मोहऱ्यांच्या चाली ठाऊक होत्या, पण वर्षानुवर्षं खेळलेली ती एक खेळी पार पुसली गेली होती. घड्याळ माझं चालू होतं. मला आई दिसली, धुळ्याच्या घरी गॅससमोर. फोडणी करपून काळी झाली तरी हातात डबा धरून उभी. "यात पुढे काय घालतात गं?" तिने मला विचारलं होतं. तिचं विसरणं तिथून सुरू झालं. शेवटी शेवटी ती मलाच म्हणायची, "बाई, तुम्ही कोणाकडच्या?"

उठून पळून जावंसं वाटलं. अखेर मी कॅसलिंग केलं, निदान राजा तरी सुरक्षित राहावा म्हणून. पुढचा डाव नवशिक्यासारखी एकेक घर मोजत खेळले. बरोबरी झाली.

हात मिळवताना ते म्हणाले, "बेन, शरूआतमां क्यां खोवाई गयेलां?"

सुरुवातीला कुठे हरवला होतात, असं विचारत होते. मी हसले.

घरी येताच नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "अगं, मी परवा गाडीची चावी फ्रिजमध्ये ठेवली होती!" मला हसू आलं नाही. पट मांडला, तर हात आपोआप गेला: वजिराकडच्या उंटापुढचं प्यादं, एक घर. मग तिथे का नाही गेला? मला रडू कोसळलं. तो म्हणाला, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

रक्तात बी-बारा फार कमी निघालं. "यानेही असं होतं, इंजेक्शनं सुरू करू," डॉक्टर म्हणाले. पण आईचं सांगितलं तेव्हा त्यांनी लिहिता लिहिता वर पाहिलं, आणि मेंदूच्या डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाले.

त्यांची वेळ पुढच्या आठवड्यातली मिळाली आहे. नवरा बरोबर येणार आहे. पुण्याला असलेल्या मुलीला अजून काही कळवलेलं नाही.