दामूकाकांची मोटर आणि माझा रिपोर्ट

आज सकाळी दामूकाका गेले. आणि त्यांच्याबद्दलचं एक खोटं सहा वर्षं माझ्या सहीनिशी फिरतंय.

मुरुडमध्ये ज्यांच्याकडे पाण्याचा पंप आहे, त्यांना काका माहीत आहेत. जळलेल्या मोटरची तार काढून नवी भरायची. वाइंडिंग. आयुष्यभर हेच काम.

मी तेव्हा नवीन इंजिनिअर. बर्फाच्या कारखान्याची मोठी मोटर काकांनी भरून दिली होती. टेस्ट करायला शेठनी मला बोलावलं. होड्या बर्फासाठी खोळंबलेल्या.

मी मेगर लावला. वाइंडिंगमधून बॉडीत करंट झिरपतोय का, ते हे मशीन बघतं. करंट अगदी सूक्ष्म असतो.
रीडिंग जितकं जास्त तितकं चांगलं. आलं अर्धा मेगओहम.

मी नापास लिहिलं.

शेठ सगळ्यांसमोर काकांना नको नको ते बोलले. काका माझ्याकडे बघत होते. मी मेगरच्या वायरी गुंडाळत होते.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला परत बोलावलं. हातात वीतभर उघडी तांब्याची तार.

"बाय, तुझ्या मेगरला तिसरा टर्मिनल हाय. गार्ड. तो कशाला असतो?"

कॉलेजात वाचलं होतं. वापरला कधीच नव्हता.

त्यांनी मोटरच्या केबलच्या टोकाशी, रबरावरून ती तार गुंडाळली आणि गार्डला जोडली.
रीडिंग दोनशेच्या वर गेलं.

वाइंडिंग उत्तम होतं. कारखान्यात मिठाच्या पाण्याची टाकी, त्यात आपली खारी हवा. केबलच्या टोकावर खारट ओल बसलेली. करंट तिच्यावरून, बाहेरच्या बाहेर पळत होता आणि मी तो वाइंडिंगच्या नावावर लिहिला होता. गार्डने तो मोजणीतून बाजूला काढला, एवढंच.

काका म्हणाले, "येवढं शेठना सांग."

हो म्हटलं.
आणि रिपोर्टमध्ये लिहिलं, दुरुस्तीनंतर पुन्हा तपासणी केली, मोटर ठीक.

कसली दुरुस्ती? नोकरीला तीन महिने झाले होते. घाबरले.

शेठना वाटलं, काकांनी आपली चूक गुपचूप निस्तरली. पुढची मोटर भरायला अलिबागला गेली. नंतरच्या सगळ्याच.

मग एकदा काका आगरदांड्याच्या जेट्टीवर भेटले. आईच्या गुडघ्याची चौकशी केली. फेरीबोट यायला अवकाश होता. मला बोलता आलं असतं.

आज त्यांच्या मुलीला, सुनंदाताईंना, सगळं सांगितलं.
त्या म्हणाल्या, "बाबांनी तो रिपोर्ट वाचला होता. मला सांगून काय? शेठना सांगा."

तशीच कारखान्यात गेले. शेठनी ऐकून घेतलं. आता काय उपयोग, म्हणाले. पण मी निघेपर्यंत त्या मोटरकडेच बघत होते. ती चालू होती.

घरी आल्यापासून एका जागी बसवत नाहीये. हे तिसऱ्यांदा टाइप करतेय. शेअर करा. मुरुडमध्ये सगळ्यांना कळू दे.

दामूकाका, तुमची मोटर पहिल्याच दिवशी पास होती.
शेवटचा नमस्कार.