साडेपाच तास

संघपाल रामटेके वडशाचा. आयटीआय करून वीस वर्षं त्यानं लोकांचे फ्रिज दुरुस्त केले, मग एका दूध कंपनीत कंत्राटावर लागला. गोठ्यांवर कंपनीनं बसवलेल्या दूध थंड करायच्या टाक्या तपासणं, हे त्याचं काम. धारोष्ण दूध तीन तासांत चार अंशांवर यायला हवं. बाकीचे तपासनीस टाकीला हात लावून अंदाजानं आकडा टाकत. संघपाल मात्र तिथंच बसून राही, दर अर्ध्या तासानं थर्मामीटर बुडवी आणि दिसेल तेच लिही.

मे महिन्यात तो चामोर्शीजवळ अन्नपूर्णाबाईंच्या गोठ्यावर गेला. बाई एकट्या, दावणीला अकरा गाई. शेजारच्या घरांचंही दूध त्यांच्याच टाकीत येई, म्हणून कंपनीच्या कागदावर त्यांचा गोठा म्हणजे दूध केंद्र. ते सारखं नासत होतं, आणि बाई भांडी नीट धूत नाहीत, असं कंपनी म्हणत होती.

"भाऊ, तुमी तरी खरं लिवा," बाई म्हणाल्या. "मशीनच थंड करून नाई राह्यली."

टिनाखाली अंग भाजत होतं. संघपाल सकाळच्या धारेपासून बसला. दूध थंड व्हायला साडेपाच तास लागले. कॉम्प्रेसरच टाकीच्या मानानं लहान बसवला होता. त्यानं तसं स्पष्ट लिहिलं, आणि परतताना बऱ्याच दिवसांनी त्याला आपल्या कामाचं बरं वाटलं.

पंधरा दिवसांत कंपनीची गाडी येऊन टाकी उचलून घेऊन गेली. नवी आली नाही. संघपाल ऑफिसात गेला.

"तुम्हीच तर नापास केलं," साहेब म्हणाले. "नापास झालेलं केंद्र बंद करावं लागते."

"नापास मशीन झाली, साहेब. बाई नाई."

"फॉर्मवर नाव केंद्राचंच असते."

दिवाळीनंतर बाई त्याला चामोर्शीच्या बाजारात दिसल्या. दूध घेणारं कोणी उरलं नव्हतं, गाई विकल्या होत्या. त्या आता दुसऱ्याच्या धानकापणीला जात.

"बाई, मी खरंच लिवलं होतं."

"मालूम आहे. मीच म्हटलं होतं तुमाले," बाई म्हणाल्या आणि वांगी निवडू लागल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात अहेरीकडे लालसूच्या गोठ्यावर टाकीला पाच तास लागले. संघपालनं बराच वेळ पेन हातात धरला. मग तीन लिहिलं.

"तरी दूध काऊन नासते, भाऊ?" लालसूनं विचारलं.

"उन्हानं," संघपाल म्हणाला आणि सहीसाठी कागद पुढं केला.