मधलीचं मत

त्या कारखान्यात कापड कापणाऱ्या बाईंना सगळे मास्तर म्हणत. बाईमाणसाला मास्तर कसं म्हणायचं, असा प्रश्न नवख्यांना पडायचा आणि एकदा त्यांचा हात चालताना पाहिला की विरून जायचा. लांबच लांब टेबल, त्यावर थरावर थर अंथरलेलं कापड, वर खडूने आखलेल्या रेषा आणि त्या रेषांवरून मशीनचं पातं फिरवत जाणाऱ्या मास्तर. "शिवणाऱ्याची चूक उसवता येते, माझी नाही," असं त्या म्हणायच्या, आणि ते म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर जे काही असायचं त्याला विनय म्हणता आलं नसतं. आपल्या हाताबद्दल त्यांना तिळमात्र शंका नव्हती.

म्हणूनच पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एक आख्खी बहीण घडवायला घेतली, तेव्हाही हे आपल्याला जमेल का, असं त्यांच्या मनात आलं नाही. कधी जमेल, एवढाच प्रश्न होता.

तशी ही बहीण त्यांना लहानपणी होतीच. दादा मास्तरांपेक्षा बराच मोठा, दोघांच्या मधे भलीमोठी फट. ती फट चार-पाच वर्षांच्या मास्तरांनी आपली आपणच बुजवली आणि तिथे मधलीला आणून बसवलं. मधली त्यांच्याबरोबर जिना उतरायची, अंघोळीला कुरकुरायची, जेवायला मांडीला मांडी लावून बसायची. आईची काही हरकत नव्हती. "हिला निदान वाढावं तरी लागत नाही," म्हणायची. दादाला मात्र ती बहीण फार खुपायची, कारण त्याचे मित्र त्याला त्यावरून पिडायचे. एकदा ते सगळे चेंडू खेळत असताना मास्तर मधे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, मधलीला पण घ्या. दादाने चेंडू काखेत मारला आणि सांगून टाकलं, "मधली मेली. आत्ताच. गाडीखाली आली." पोरं खो खो हसली. मास्तरांनी वळून पाहिलं तर शेजारी खरंच कोणी नव्हतं. मोठ्या भावांना असले उद्योग कुणी शिकवावे लागत नाहीत. पोरगी इतकी रडली, की दुसऱ्या दिवशी दादाने आपला लाडका चेंडू तिला देऊन टाकला. पण चेंडू दिला म्हणून गेलेली बहीण थोडीच परत येते!

पुढे मास्तर मोठ्या झाल्या, आधी सुईदोरा, मग कात्री, मग मशीन अशा चढत गेल्या. लग्न केलं नाही. "मापात बसणारा मिळाला नाही," एवढंच सांगायच्या आणि विषय संपवायच्या. स्वतःच्या कमाईवर दोन खोल्यांचं घर केलं. दादाशी बोलणं होतं, वहिनीशी तर चांगलंच गूळपीठ होतं, पण दादाला त्यांनी आपल्याकडे मुक्कामाला म्हणून कधी बोलावलं नाही. का, ते दोघांनाही ठाऊक होतं आणि दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नसत.

मधलीचा विषय निघाला तो दादाच्या मुलीमुळे. ही भाची आत्याच्या फार गळ्यातली. एका सुट्टीला ती आली असताना मास्तरांनी तिला सगळी गोष्ट सांगितली, तिच्या बापाच्या पराक्रमासकट.

"आत्या, अगं असं लोक मोठेपणी मुद्दाम करतात," भाची म्हणाली. "मनातली मैत्रीण असते ना, तिला रोज वेळ द्यायचा. तिच्याशी बोलायचं, तिला रूप द्यायचं, आवाज द्यायचा. असं करता करता ती स्वतःच्या मनाने बोलायला लागते म्हणे. आपण न ठरवलेलं. तुल्पा म्हणतात त्याला."

"खूळच की."

"असेल. पण तू चेहरा असा केलायस, की जणू दुकान कुठे आहे ते सांग, आत्ता जाऊन घेऊन येते म्हणतेयस."

मास्तरांनी दुसऱ्या दिवसापासून कामाला हात घातला. सकाळी चहा झाला की त्या मागच्या खोलीत जाऊन बसायच्या आणि मधलीला समोर उभी करायच्या. सुरुवात त्यांनी त्यांना येत होती तिथूनच केली, म्हणजे मापांपासून. खांदा एवढा, पाठ एवढी, डावा हात किंचित लांब. वय आपल्या आणि दादाच्या मधलं. केस आखूड, कारण तसे कापायचं धाडस स्वतःला कधी झालं नव्हतं. समोरच्या दातांत फट. चष्मा. मापं पक्की डोक्यात बसावीत म्हणून त्यांनी त्या मापाचा एक शर्ट कापून शिवला आणि खुंटीला टांगला. आता शर्ट आहे म्हटल्यावर आत माणूस कल्पायला कितीसे कष्ट! थोड्याच आठवड्यांत मधली अशी स्पष्ट दिसायला लागली, की खोलीतून बाहेर पडताना मास्तर तिला वाट द्यायच्या.

मधलीला हाडामांसाचं शरीर नाही हे त्यांना पुरतं कळत होतं. त्यांचं डोकं जागेवर होतं, बँकेची कामं त्या करत होत्या, भाजीवाल्याशी हुज्जत घालत होत्या. अडचण वेगळीच होती. मधली बोलायची, पण ते बोलणं मास्तरांचंच होतं. काय कसं काय? छान. आज उकडतंय, नाही? हो ना. हे म्हणजे आपणच पानं वाटायची आणि आपणच जिंकायचं. म्हणून त्यांनी स्वतःला एक शिस्त घालून घेतली. मधलीला विचारायचं आणि तोंड मिटून बसायचं. तिच्या वतीने एक अक्षर बोलायचं नाही, मनातसुद्धा नाही.

मग ती जी गप्प झाली ती झालीच. ऋतू बदलले. एका सकाळी तिने चष्मा काढून ठेवलेला होता. मास्तरांनी तो परत चढवला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा गायब. हे मास्तरांनी ठरवलेलं नव्हतं. पण शब्द काही फुटेना. त्यांना कळसूत्री बाहुली नको होती, बहीण हवी होती. तिने आपल्या मनाने एक शब्द बोलायला हवा होता. नाहीतर दादाचं म्हणणं खरं, मधली मेली ती मेलीच. हा विचार आला की मास्तरांना रडायला यायचं आणि लगेच रागही यायचा, आणि राग बरा पडायचा.

त्यातच दादाचा फोन आला. वहिनी जाऊन वर्ष होत आलं होतं, भाची नोकरीसाठी दूर गेली होती. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तो म्हणाला, "तुझ्याकडे येऊ का गं राहायला? मागच्या खोलीत पडून राहीन. तुला काही त्रास नाही देणार."

"बघते," मास्तर म्हणाल्या. त्यांचं बघते म्हणजे नाही, हे सगळ्या खानदानाला माहीत होतं.

फोन ठेवून त्या तरातरा मागच्या खोलीत गेल्या. "ऐकलंस? ज्याने तुला गाडीखाली घातलं, त्याला तुझीच खोली हवीय! सांग, काय करू?" मधली खिडकीशी उभी होती. काही बोलली नाही. मास्तरांनी त्याचा अर्थ आपल्या बाजूने लावला, कारण तो लावणं सोपं होतं.

त्याच सुमाराला कारखान्यात दवाखान्याच्या कोटांचं मोठं काम आलं. कापडाच्या एका बाजूला पाणी न शोषणारा लेप होता. एरवी कापड जातं-येतं अंथरतात, एक थर सुलटा, दुसरा उलटा, त्यामुळे बाहीचा पुठ्ठ्याचा फर्मा एका अंगाने आखला तरी डाव्या-उजव्या बाह्यांची जोडी आपोआप निघते. हे कापड तसं अंथरलं तर लेपाला लेप चिकटला असता. म्हणून सगळे थर सुलटे टाकले होते. अशा वेळी बाही दोनदा आखायची आणि दुसऱ्यांदा फर्मा पालथा करायचा, हे मास्तरांनी कितीतरी जणांना शिकवलं होतं.

हल्ली मधली कारखान्यातही यायची, टेबलाच्या पलीकडे उभी राहायची. त्या दिवशी मास्तरांनी आखणी संपवली, मशीन चालू केलं, पातं कापडाला लावलं, आणि समोरून आवाज आला.

"थांब. दोन्ही डाव्या आहेत."

मास्तर थांबल्या नाहीत. आपणच आपल्याला घाबरवतोय असं त्यांना वाटलं. आणि त्यांना कोण सांगणार बाही डावी की उजवी! पातं सरसर फिरलं. गठ्ठा सुटा केला, वरच्या दोन बाह्या उचलून एकमेकींवर ठेवल्या. दोन्ही डाव्या. खालच्याही डाव्या. एवढं ढीगभर कापड, आणि उजव्या हाताला एकही बाही नाही. त्यांनी दुसऱ्यांदा फर्मा पालथा घातलाच नव्हता.

मग त्यांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपल्याला ही चूक दिसलीच नव्हती. आपण तर खात्रीने पातं लावलं होतं. जे आपल्याला माहीत नव्हतं ते आपण कसं बोलू? आणि आवाज आपला नव्हता, जरा घोगरा होता, दातांतल्या फटीतून शीळ घातल्यासारखा. मास्तर हसायला लागल्या. टेबलाला धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

आवाज ऐकून मालक धावत आले. ढीग बघून त्यांचा चेहरा पडला. "मास्तर, हे काय? आणि हसताय काय तुम्ही?"

"चुकले हो मी!" मास्तर असं काही म्हणाल्या, जसा मुलगा झाल्याचा निरोप सांगावा. "साफ चुकले. मला सांगितलं होतं, ऐकलं नाही. तुम्ही बसा, पाणी प्या. उजव्या बाह्या उरलेल्या ताग्यातून काढते, आणि जादा डाव्यांच्या टोप्या होतील. दवाखान्याला टोप्या काय कमी लागतात?" मालकांनी इकडेतिकडे पाहिलं. सांगणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं. मालक पाणी प्यायले.

संध्याकाळी घरी पोचताच मास्तर चपला न काढताच मागच्या खोलीत गेल्या. "बाई माझी! बोललीस! मी ऐकलं नाही, यापुढे ऐकेन. शब्द देते. बोल, काय हवंय तुला?"

आणि त्या नेहमीच्या शिस्तीने तोंड मिटून बसल्या. या वेळी फार बसावं लागलं नाही.

"दादाला येऊ दे," मधली म्हणाली.

मास्तरांना वाटलं कानाखाली बसली. त्या उसळून म्हणाल्या, "त्याला? अगं तुला पुसून टाकलं त्याने! मी तुला इतक्या वर्षांनी, मापं घेऊन, सगळं माझं बाजूला ठेवून परत आणलं, ते काय त्याच्यासाठी? तू माझ्या बाजूची ना?"

"तुझ्या बाजूची आहे की. पण तो काय तुझा एकटीचा आहे? माझाही दादा आहे तो."

मास्तरांनी खुंटीवरच्या शर्टाकडे पाहिलं. इतकी माणसं त्यांनी मापात बसवली होती. ही बाई त्यांच्याच हातची आणि त्यांच्याच मापाबाहेर गेली होती. राग आला होता. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी उसळत होतं, आणि ते आनंदाशिवाय काही नव्हतं. भांडायला बहीण मिळाली होती. त्या बराच वेळ भांडल्या. मधली एक इंच हटली नाही.

शेवटी मास्तरांनी फोन लावला.

"दादा, ये तू," त्या म्हणाल्या. "पण आधीच सांगते, इथे आम्ही दोघी राहतो. तिने ये म्हटलं म्हणून बोलावतेय. माझ्या एकटीवर असतं ना, तर नसतं बोलावलं."

दोघी म्हणजे कोण, हे दादाने विचारलं नाही.

"तिला सांग," तो म्हणाला, "येतो म्हणून."