नानांचं अडीच तास पुढचं घड्याळ

नाना गेले तेव्हा आमच्या बैठकीच्या खोलीतल्या एका घड्याळात सकाळचे दहा वाजले होते आणि दुसऱ्यात साडेबारा. डॉक्टरांनी नाडी पाहून हात हळूच खाली ठेवला आणि विचारलं, "श्वास किती वाजता थांबला?" सासूबाईंनी, म्हणजे माईंनी, डोळे पुसत भिंतीकडे पाहिलं आणि सांगितलं, "साडेबाराला." डॉक्टरांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी म्हटलं, "दहाच धरा डॉक्टर. माईंनी मलेशियातलं बघितलं." ...आणि त्या तसल्या वेळी मला हसू फुटलं. मी तोंडाला पदर लावला. जमलेल्यांना वाटलं, सुनेला हुंदका आवरत नाहीये. हुंदकाही होताच की त्यात.

आता सव्वा महिना होऊन गेला. नानांबद्दल लिहायला बसले की पहिल्यांदा ते घड्याळच आठवतं, आणि घड्याळ आठवलं की तो फुटबॉलचा संघ. माझे सासरे नाशिकजवळच्या मखमलाबादकडच्या फुलवाल्या घरातले. घरी झेंडू आणि शेवंतीचे वाफे, पण यांचं डोकं मशीनमध्ये, म्हणून अंबडच्या एका कारखान्यात फिटर झाले. कारखान्याने त्यांना मलेशियाला पाठवलं, तिथल्या जोडकंपनीत पत्रा दाबायच्या प्रेस मशीन बसवून द्यायला. सहा महिन्यांसाठी गेले आणि सहा वर्षं राहिले. इकडे माईंनी दोन लहान पोरं आणि सगळा झेंडू एकटीने सांभाळला, पहाटे फुलांच्या पाट्या बाजारात नेल्या. नाना परत आले ते एक पिवळी-काळी जर्सी, तसलाच गळपट्टा आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन. घड्याळ तिकडच्या वेळेवर होतं, आपल्या अडीच तास पुढे. ते त्यांनी तसंच भिंतीवर लावलं आणि पुढे कधीच मागे केलं नाही. का, तर "आपला संघ" मैदानात कधी उतरतो ते कळायला हवं. माई त्या संघाला "माझी सवत" म्हणायच्या. थट्टेने म्हणायच्या, पण नुसती थट्टा नव्हती ती.

या घड्याळाने माझं लग्न मोडायचंच बाकी ठेवलं होतं. आम्ही चांदवडकडचे. मुलगा पसंत पडला होता आणि माझे वडील घर बघायला म्हणून काकांना घेऊन नाशिकला आले होते. थंडीचे दिवस, सहालाच अंधारून आलेलं. वडिलांचं मनगटी घड्याळ दुरुस्तीला टाकलेलं. पोहे खाता खाता त्यांची नजर भिंतीवर गेली, तर पावणेनऊ! आमच्या गावाची शेवटची एसटी साडेसातची. वडील बशी तशीच ठेवून उठले, "येतो आम्ही" म्हणाले आणि काकांचा हात धरून चालू लागले. काकांच्या हातात पोह्यांचा चमचा तसाच राहिला होता म्हणे. इकडे पाहुण्यांना घर पसंत नाही, असाच सगळ्यांनी अर्थ लावला. विलासचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, तोंड एवढंसं झालं. नानांच्या मात्र पाचच मिनिटांत लक्षात आलं. त्यांनी स्कूटर काढली, स्टँड गाठलं आणि कंट्रोलरच्या खिडकीशी हुज्जत घालणाऱ्या माझ्या वडिलांच्या समोर उभं राहून म्हणाले, "पाहुणे, घड्याळ बरोबर हाय. फक्त ते मलेशियातलं हाय." वडील घरी येऊन आईला सांगत होते, "पोरीला तिथेच देऊ. माणसं जरा खुळी आहेत, पण आपल्यामागे स्टँडपर्यंत पळत येणारी आहेत."

खुळेपणा किती, ते लग्नानंतर आठवड्याभरातच कळलं. संध्याकाळी आठच्या सुमाराला लँडलाइन वाजली. नवी सून, कामाला तत्पर दिसावी म्हणून धावत जाऊन मी फोन उचलला. पलीकडून एक माणूस इंग्रजीत घाबऱ्याघुबऱ्या विचारत होता, "कोण? कोण बोलतंय? उचललात कशाला?" मागे वळून बघते तर नाना हवेत हात धरून उभे. "उचलला? अगं, उचलला का?" त्यांचा चेहरा पाहून मला वाटलं, माझ्या हातून घरातलं कुणी दगावलं. मग माईंनी स्वयंपाकघरातून सगळा उलगडा केला. फोन मुरुगनचा. नानांचा तिकडचा जिवाभावाचा दोस्त, स्टेडियमच्या फाटकाशी त्याची चहाची गाडी होती. सामना संपला की तो इथे फोन वाजवायचा आणि लगेच कट करायचा. एकदा वाजला तर हरले, दोनदा वाजला तर बरोबरी, तीनदा वाजला तर जिंकले. कुणी उचलायचाच नाही, म्हणजे कुणाला खर्च नाही. सामन्याच्या संध्याकाळी आमच्या घरात फोन उचलणं म्हणजे पाप होतं. "माझ्या सवतीचा फोन होता," माई मला म्हणाल्या, "ती काय सांगतीये ते समजायच्या आत तू तिचं तोंड दाबलंस." घाबरून मुरुगनने त्या रात्री परत वाजवलंच नाही; संघ जिंकला होता की हरला होता, ते कळायला नानांना मुरुगनचं पत्र येईपर्यंत थांबावं लागलं. जिंकला होता. नानांनी पुढची वीस वर्षं ते ऐकवलं मला. कुकरची शिट्टी झाली तरी म्हणायचे, "सूनबाई, उचलू नको हं."

झेंडूचे हार ओवताना ते आम्हाला त्या संघाची गोष्ट सांगायचे, घरातल्या पूर्वजाची सांगावी तशी. मलेशियाच्या उत्तरेकडचं कथलाच्या खाणींचं गाव. खाणीतल्या मजुरांनी सुट्टीच्या दिवशी चेंडू लाथाडायला सुरुवात केली, त्यात मलय होते, चिनी होते, रबराच्या मळ्यांतले तमिळ होते. एकमेकांची भाषा कुणाला धड येत नव्हती. खाणीच्या मालकाने पिवळ्या-काळ्या जर्सी दिल्या आणि संघ झाला. पुढे तो राज्यात नावाजला, मग पगारी खेळाडूंच्या लीगमध्ये गेला. नाना तिथे पोचले तेव्हा त्याचा भरभराटीचा काळ होता. आठवडाभर कारखान्यात खुणेने बोलायचं आणि रात्री खोलीवर भिंतीशी, अशी नानांची गत. एका रविवारी मुरुगनने गाडीवर चहा पाजून त्यांना आत नेलं. "तिथं बोलायला लागत नव्हतं ना," नाना म्हणायचे, "नुसतं ओरडायचं. लय दिवसांनी तोंड उघडलं बघ मी." ओरडायचं ते मराठीतच. त्यांचा पुढच्या फळीतला आवडता खेळाडू सायकलच्या दुकानात काम करणारा एक चिनी पोरगा होता, त्याच्या पायात चेंडू आला की नाना घसा फोडून ओरडायचे, "मार ना!" शेजारच्यांना ते आवडलं. मुरुगन ओरडू लागला, मग ती अख्खी बाजू ओरडू लागली, टाळ्या देत. नानांच्या देखत संघाने करंडक जिंकला, तेव्हाही म्हणे पूर्वेकडची बाजू मार-ना, मार-ना करत होती. माई यावर फक्त ओठ मुडपायच्या. आणि मी? मला ही चक्क थाप वाटायची. माणूस परदेशी राहून आला की दोन गोष्टी वाढवून सांगतोच, म्हणून ऐकून घ्यायची.

मग मोबाइलवर सामने दिसू लागले. एका संध्याकाळी मी मेथी निवडत होते, नाना खुर्चीत पुढे झुकून फोनमध्ये डोळे घालून बसलेले. पिवळा-काळा एक खेळाडू चेंडू घेऊन धावला आणि त्या एवढ्याशा फोनमधून स्पष्ट आवाज आला... "मार-ना! मार-ना!" मेथी माझ्या हातातच राहिली. समुद्रापलीकडे हजारो माणसं मराठीत ओरडत होती आणि त्यांना ते माहीतही नव्हतं. नानांनी माझ्याकडे नुसतं भुवया उंचावून पाहिलं. संघ जिंकल्यावर व्हायचा, तसा त्यांचा चेहरा झाला होता.

पण संघाचे दिवस फिरले होते. मधल्या काळात काही खेळाडूंनी सामने विकल्याचं उघडकीला आलं, त्यात यांचा लाडका गोलरक्षकही निघाला. नाना दोन दिवस जेवले नाहीत. माई म्हणाल्या, "सवतीनं दगा दिला म्हणून उपास करतायत," आणि त्यांच्या आवडीची वांग्याची भाजी केली. कथलाच्या खाणी बंद पडत गेल्या, तरुण पोरं राजधानीकडे निघून गेली, प्रायोजक आटले. इकडेही काही वेगळं चाललं नव्हतं. नानांचा अंबडचा कारखाना बंद होऊन तिथे गोदाम झालं, आणि आमच्या शेवंतीच्या वाफ्यांवर प्लॉट पडले. या दोन्ही गोष्टी नानांनी निमूट सोसल्या. मग एका मोसमात संघाला लीगचा परवानाच मिळाला नाही. संघ बंद. मुरुगनने फोन करून सांगितलं, हा फोन मात्र नानांनी उचलला. ऐकून घेतलं, "ओके, ओके" म्हणाले, स्टूल ओढलं आणि भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून खिशात टाकला.

इतकी वर्षं ते घड्याळ काढा म्हणून मीच मागे लागले होते. पाहुणे गोंधळतात, मुलं शाळेला जाताना दचकतात, कितीतरी तक्रारी. आणि आता ते बंद पडलेलं मला बघवेना. सकाळ असो की संध्याकाळ, काटे सव्वातीनवर. नाना टीव्हीसमोर बसायचे, पण बघायचे नाहीत. मित्रांच्या कट्ट्यावर जाणं सोडलं. विचारलं की म्हणायचे, "काय करायचंय?" मी गुपचूप नवे सेल आणून घड्याळाखालच्या फळीवर ठेवले. त्यांनी बघितले आणि टीव्हीच्या रिमोटमध्ये घातले. एका रात्री माई मला म्हणाल्या, "सवत मेली तर मला बरं वाटायला पायजे ना? पण हा माणूस तिच्यासंगं चाललाय गं."

दीड वर्षाने मुरुगनचा फोन आला तेव्हा मी घरी होते. जुने समर्थक एकत्र आले होते. नाव तेच, रंग तेच, पण अगदी तळाची हौशी लीग. शाळेचं मैदान, दिवे नाहीत म्हणून सामना त्यांच्या संध्याकाळी पाचला, आणि टीव्हीवर, मोबाइलवर कुठेच दिसणार नाही. नाना फोन ठेवून उभे राहिले ते सरळ स्टुलावर चढले. मी ओरडतेय, "नाना, पडाल!" आणि ते रिमोटमधला सेल काढून घड्याळात बसवतायत. खाली उतरून म्हणाले, "परत रिंगांवर आलो बघ. मुरुगन वाजवणार." मग दर दोन दिवसांनी मला विचारायचे, किती राहिले पहिल्या सामन्याला? त्यांना बाकी काही नको होतं. जिंकायला पाहिजे असंही नव्हतं. "एकदा मैदानात उतरू दे," एवढंच.

हृदयाचं दुखणं त्यानंतर उपटलं. दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा त्यांनी खाट अशी सरकवायला लावली की झोपून घड्याळ दिसेल. शेवटच्या संध्याकाळी मी औषध द्यायला गेले, तर माझं मनगट धरून म्हणाले, "सूनबाई, सेल नवा हाय ना?" मी म्हटलं, "कालच बदललाय." "मग झालं," म्हणाले, आणि औषध न घेताच डोळे मिटले. मी उठवलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. सामना महिन्याभरावर होता... एवढा एक महिना त्यांना मिळायला हवा होता, असं मला अजून वाटतं, आणि कुणाचा ते कळत नाही पण रागही येतो.

दहाव्याच्या दिवशी घर माणसांनी भरलं होतं. विलासच्या आतेभावाने, बिचाऱ्याने चांगल्या मनानेच, स्टुलावर चढून घड्याळ आपल्या वेळेवर लावलं. घाटावरून आल्यावर माई भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. "कोणी हात लावला? पुढं कर. अडीच तास. अन् परत कोणी शिवायचं नाय त्याला." नाना परदेशी होते त्या सहा वर्षांचा हिशेब ज्या घड्याळाकडे बघत त्यांनी मनात मांडला असेल, तेच घड्याळ. आतेभावाने मुकाट्याने काटे फिरवले.

मुरुगनला बातमी मीच दिली होती. त्याने इंग्रजीत एकच विचारलं, "घड्याळ चालू आहे?" मी हो म्हटलं.

परवाच्या रविवारी तो सामना होता. आम्ही कुणी कुणाला काही बोललो नव्हतो, पण दुपारी अडीचला, म्हणजे त्या घड्याळात पाचला, सगळे आपोआप बैठकीत येऊन बसले. माईंनी नानांचा मोबाइल आणून मध्ये टेबलावर ठेवला. तो त्या रोज चार्ज करतात, ते मला तेव्हा कळलं. माई वाती वळत होत्या. विलास उगाच पेपर चाळत होता. मुरुगन वाजवेल असं मला खात्रीने वाटत नव्हतं. ज्याच्यासाठी वाजवायचं तो माणूसच नाही, हे त्याला ठाऊक होतं. घड्याळात पावणेसात झाले, सात वाजत आले...

फोन वाजला. विलासचा हात सवयीने पुढे गेला, तर माई म्हणाल्या, "उचलू नको." एकदा वाजून फोन थांबला. आम्ही सगळे त्याच्याकडे बघत बसलो. दुसऱ्यांदा वाजेल म्हणून बराच वेळ बघत बसलो. नाही वाजला.

"हरली वाटतं सवत," माई म्हणाल्या. त्यांनी फोन उचलून पदराने पुसला, छातीशी धरला, आणि नानांच्या रिकाम्या खाटेकडे बघून, त्यांना सांगावं तसं म्हणाल्या, "पण खेळली."

मग डोळे पुसून त्या उठल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. बाहेर अजून साडेचारचं ऊन होतं. भिंतीवर सात वाजले होते.