उगवतीचं वारं, मावळतीचं आभाळ

हळद एकदा शिजवली की मग थांबता येत नाही. बॉयलरवाला गावात पाळीनं येतो. आपली पाळी आली की शिजवून घ्यायची आणि लगेच उन्हात पसरायची. पुढं पंधरा दिवस कडक ऊन लागतं. हळकुंड मोडल्यावर कट्‌कन आवाज आला पाहिजे. मध्येच भिजलं तर आतून काळं पडतं. आमच्या मुदखेडकडं हे सगळ्यांना माहीत आहे.

मागच्या साली फाल्गुनात आमची हळद खळ्यावर पसरून आठ-नऊ दिवस झाले होते. सकाळी रेडिओवर सांगितलं, मराठवाड्यात तुरळक ठिकाणी गारपिटीची शक्यता. हे तुरळक ठिकाण कुठं असतं, ते इतकी वर्षं ऐकूनही मला कळलेलं नाही. माझं शेत त्यात येतं का नाही, एवढंच मला पाहिजे असतं. तेवढं सोडून बाकी सगळं सांगतात.

दुपारी लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला.

"अक्का, हळद झाक. इकडं लिंबाएवढ्या गारा पडल्या. सिमेंटचा पत्रा फुटला आमचा."

"लिंबाएवढ्या? मागं तुझ्या दारात लांडगा आला होता, त्याचं कुत्रं निघालं."

"मग बस तशीच. सांगायचं काम मी केलं."

ही लहानपणापासून एकाचं चार करून सांगते. तरी मी बाहेर जाऊन पाहिलं. डोक्यावर ऊन होतं. वारं उगवतीकडून येत होतं, दमट, अंगाला चिकटणारं. लातूर आमच्या मावळतीला. माझी शाळा चौथीपर्यंत झाली आहे, दिशा मला कळतात. वारं इथून तिकडं चाललंय, तर तिकडचं आभाळ वाऱ्याच्या उलटं इकडं कसं येईल? मला हे अगदी पक्कं वाटलं.

सून म्हणाली, "आत्या, ताडपत्री टाकू का?"

"नको. ऐन उन्हात झाकली तर घामेजून वास धरंल."

ती गप्प बसली. गप्प का बसलीस, म्हणून मी नंतर तिला बोलले. ती म्हणाली, "बोलले असते तर ऐकलं असतं का?" नसतं ऐकलं.

चारच्या सुमाराला वारं एकदम पडलं. पान हलेना. मग मावळतीकडून असा गार झोत आला की पदर तोंडावर उडाला, आणि मागोमाग काळं आभाळ. मुलगा, सून आणि मी, तिघं ताडपत्रीला धावलो. निम्मी हळद झाकून झाली, निम्मीवर गारा पडल्या. लिंबाएवढ्या नव्हत्या, बोराएवढ्या होत्या. बहिणीला मी ते मुद्दाम कळवलं.

भिजलेली हळद परत वाळवून पाहिली. आतून काळीच निघाली. उकिरड्यावर टाकली.

सून बारावीपर्यंत शास्त्र शिकलेली. ती म्हणाली, "चूल पेटली की खालून वारं ओढती ना, तसाच तो ढग वारं ओढत होता. आपल्याकडचं वारं त्याच्याच पोटात चाललं होतं. आणि ढग जातो वरच्या वाऱ्यानं. ते ह्या दिवसांत मावळतीकडून असतं." तिचं म्हणणं, बंगालच्या समुद्राकडून उबदार, दमट हवा येते आणि उत्तरेकडून कोरडी, गार. दोन्ही भेटल्या तरी लगेच मिसळत नाहीत. गार हवा जड, ती खालून घुसते आणि दमट हवेला वर ढकलते. वर त्या वाफेच्या गारा होतात. म्हणजे जे वारं बघून मी निश्चिंत झाले, तेच गारांना पाणी पुरवत होतं. शाळेत आठ दिशा घोकून घेतल्या. वारं दोन मजली असतं, हे कुणी सांगितलं नाही. सत्तरीत कळून काय उपयोग?

यंदा पुन्हा हळद खळ्यावर, रेडिओवर पुन्हा तुरळक, आणि वारं उगवतीचं. या वेळी मीच फोन लावला. जड गेलं, खोटं कशाला सांगू.

"आभाळ हाय का तुझ्याकडं?"

"कोण बोलतंय?"

"अक्का."

"आमची अक्का? ती तर मला खोटारडी म्हणती."

"सांगती का ठेवू?"

"हाय, काळंभोर. झाक लवकर."

आम्ही भर उन्हात सगळी हळद झाकली. संध्याकाळपर्यंत एक थेंब पडला नाही. ते आभाळ खालच्या अंगानं देगलूरकडं निघून गेलं. ताडपत्री उचलली तर खाली हळद घामेजलेली. ती सगळी पुन्हा उलथून पसरायची होती, आणि कंबर माझी धरलेली. मी तसाच फोन लावला.

"एक थेंब न्हाई पडला. दिवसाचं ऊन गेलं माझं."

"हळद भिजली का?"

"न्हाई."

"मग भांडती कशाला?"

मी फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी उठले तर वारं उगवतीचंच. सून ताडपत्रीची घडी घालत होती. तिला म्हटलं, राहू दे तशीच, कडेला ओढून ठेव.