यादीतलं पहिलं फोल्डर

“ताई, माझं फोल्डर रिकामं दिसतंय.”

काळूरामभाऊ हे इतक्या शांतपणे म्हणाले, की मला वाटलं दुसऱ्याच कुणाबद्दल बोलतायत. चाकणच्या कारखान्यात जेवणाची सुट्टी झाली होती. प्रेस थांबले होते. छतातल्या पारदर्शक पत्र्यांतून ऊन खाली उतरत होतं आणि त्यात धूळ संथपणे तरंगत होती.

मी आकुर्डीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत काम करते. प्रोग्रामर ज्यात कोड लिहितात त्या सॉफ्टवेअरला आयडीई म्हणतात. त्याला जोडायचा छोटा प्रोग्राम म्हणजे प्लगइन. माझं प्लगइन सेन्सरची यादी वाचून कोडच्या फाइल्स आपोआप बनवायचं. आधी फोल्डरमधल्या जुन्या फाइल्स पुसायचं, मग नव्या लिहायचं. त्यासाठी त्याला प्रोजेक्टचं सोर्स फोल्डर, म्हणजे कोड ठेवायची जागा, सापडायला हवी.

मी लिहिलं होतं : सोर्स फोल्डरच्या यादीतलं पहिलं घे. माझ्या प्रोजेक्टमध्ये एकच होतं. त्या दिवशी ते भाऊंच्या कॉम्प्युटरवर पहिल्यांदा चालवलं, तर त्यांच्या प्रोजेक्टमध्ये तीन निघाली. आपोआप बनलेल्या कोडचं, टेस्टचं आणि त्यांनी हातानं लिहिलेल्या कोडचं. यादीत पहिलं हातानं लिहिलेल्या कोडचं होतं. प्लगइननं तेच पुसलं.

काळूरामभाऊ जवळच्याच गावचे. घरची शेती. आयटीआय करून मेंटेनन्सला लागले आणि कोड लिहायला मशीनपाशीच शिकले. इंधनाच्या टाकीत हवा भरून गळती तपासणारं मशीन त्यांच्याच प्रोग्रामवर चालायचं.

मी आमच्या ऑफिसातल्या मॅडमना फोन लावला.

“चूक माझी आहे. त्यांचा कोड पुसला गेला.”

“परत येईल?”

“बघते.”

“चार वाजता नव्या टाकीची ट्रायल आहे. गिऱ्हाइकाची माणसं निघालीत. बघू नकोस, आण.”

आयडीई फाइल्सच्या जुन्या प्रती गुपचूप जपून ठेवतं. तिथून एकेक फाइल परत आली. एक मात्र आली नाही. नव्या टाकीत किती वेळ हवा भरायची, मग किती वेळ थांबायचं, त्या वेळा भाऊंनी सकाळी नोटपॅडमध्ये लिहून फोल्डरमध्ये टाकल्या होत्या. आयडीईनं ती फाइल पाहिलीच नव्हती.

“कागदावर आहे कुठं?” मी विचारलं.

“न्हाई. पंधरा दिवस मशीनपाशी उभा राहून बसवलं हुतं.” ते उठले. “चला. मोबाइलवर स्टॉपवॉच लावा.”

मशीनसमोरच्या स्टुलावर बसून त्यांनी डोळे मिटले. हात हवेत उचलला.

“क्लॅम्पनं टाकी धरली. आता हवा भरतीय... भरतीय... बास. आता थांबायचं.”

“किती?”

“हवा भरली की पत्रा जरा फुगतो. तो निवांत हुईस्तवर थांबायचं. आधी मोजलं तर चांगली टाकी नापास व्हती.”

आम्ही थांबलो. मला अपराधी वाटत होतं, भीतीही वाटत होती, पण त्या थांबण्यात दोन्ही हळूहळू दूर गेलं. विहिरीच्या तळाशी बसून वरचा उजेड बघावा तसं काहीतरी. समोर टाकी नव्हती, तरी ती फुगतेय आणि सावकाश श्वास सोडतेय, असं मला खरंच दिसलं.

“आता,” भाऊ म्हणाले.

मी वेळ टिपली. आम्ही तीनदा केलं. तिन्ही आकड्यांत अर्ध्या सेकंदाचाही फरक नव्हता. मी फाइल पुन्हा टाइप केली.

चार वाजता पहिलीच टाकी लावली. लाल दिवा. नापास.

कारखान्याच्या मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणाले, “वेळा चुकल्या असतील. मीच—”

“वेळा बरोबर हायत,” भाऊ म्हणाले. “टाकी पाण्यात बुडवा.”

बुडवली. वेल्डिंगच्या कडेनं एक बारीक बुडबुडा निघाला, मग दुसरा. बुडबुडे एकामागून एक सावकाश वर येत राहिले. आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. पुढच्या सगळ्या टाक्या पास झाल्या.

दुसऱ्या दिवशी मी प्लगइन बदललं. आता कुठलं फोल्डर कशासाठी आहे, हे ते आयडीईला विचारतं. तरी शंका राहिली तर माणसाला विचारतं. आणि स्वतः लिहिलेल्या फाइल्सच पुसतं.

सोर्स फोल्डर किती आहेत हे तपासायला कोडची एक ओळ पुरते. ती लिहायचा मी कंटाळा केला होता.